उभा जन्म

मागची खोली रिकामी करायला दोन शनिवार लागले.
जुन्या फाइली, मोडका वजनकाटा,
माझ्या आधीच्या डॉक्टर सेराफिम यांची छत्री,
आणि एक खोकं, ज्यावर नुसतं "नंतर" लिहिलेलं.
ते न उघडताच मी माळ्यावर टाकलं.

बँकेतल्या माणसाने विचारलं,
एवढ्याशा गावात शिरांचे पेशंट मिळतील?
मी म्हटलं, रविवारी चर्चच्या पायऱ्यांशी उभे राहा
आणि मान खाली घाला.
ऑगस्टच्या उन्हात किती जाड काळे मोजे चढतात, मोजा.
तो गेला नसावा. पण सही केली.

यंत्र पोर्तोहून आलं, मासळीच्या टेम्पोतून.
इदालिना दोन दिवस लिंबाने खोकं पुसत होती,
यंत्राला वास लागला तर, म्हणून.
सोळा रविवार मी शिकायला जात होते,
पन्नाशी उलटल्यावर, माझ्या निम्म्या वयाच्या पोरांत.
सुई किती तिरपी धरायची यावर त्यांचा माझ्याशी वाद,
आणि बहुतेक वेळा त्यांचंच बरोबर.

पहिल्या महिन्यात आल्या त्या
किनाऱ्यावरच्या नव्या हॉटेलातल्या बायका.
मांडीवर कोळ्याचं जाळं, बारीक, जांभळं,
पोहायला उतरण्याआधी ते जायला हवं.
मी घालवलं. दोन हप्ते फिटले.
यात वाईट वाटण्यासारखं काही नाही,
असं घरी जाताना गाडीत मी मोठ्याने म्हणायचे.

मग दिओलिंदा आली. वय बहात्तर.
सार्डिनच्या कारखान्यात एकतीस वर्षं,
ओल्या फरशीवर, रबरी बुटांत.
मुंडकं कापायचं, डब्यात निजवायचं, मुंडकं कापायचं.
मासे तेवढे आडवे झाले,
हिचा उभा जन्म उभ्याने गेला.

मोजे काढताना तिने मला पाठ फिरवायला लावली.
फिरले. मी डॉक्टर, तरी फिरले.
घोट्याच्या आतल्या बाजूला जखम,
नाण्याएवढी, अकरा वर्षं ओली.

अंधाऱ्या खोलीत पडद्यावर
मी पोटरी दाबली, रक्त निळं होऊन वर चढलं.
सोडली,
तर लाल होऊन तेच खाली कोसळलं.
शिरेत दारं असतात, मी सांगितलं,
रक्त वर गेलं की मिटणारी. तुमची मिटत नाहीत.
"कारखान्याचं मिटायचं," ती म्हणाली,
"सात वाजून एक मिनिटाला."

माझी आई त्याच ओळीत होती, खिडकीकडून चौथी.
रात्री पाय भिंतीला टेकवून झोपायची.
भिंतीवर टाचांचे दोन डाग,
दोनदा चुना दिला,
पावसाळी हवेत अजून दिसतात.
दिओलिंदाला हे मी सांगितलं नाही.
तिला माहीत असावं.

लेझरचा धागा गुडघ्यापासून जांघेपर्यंत गेला.
ती छताकडे बघत ओठांतल्या ओठांत काही मोजत होती.
शेवटी विचारलं, "ही वाट बुजवलीत,
मग ते जाणार कुठून?"
आतल्या मोठ्या शिरेतून, मी म्हटलं. ती चांगली आहे.
"मग इतकी वर्षं ती काय करत होती?"
याचं उत्तर पोर्तोत शिकवलं नव्हतं.

नवा घट्ट मोजा मांडीपर्यंत चढवला, इदालिना आणि मी,
दोघींना घाम.
आता पाय मोकळे करून या, म्हटलं,
वीस मिनिटं, बंदरापर्यंत. नियम आहे.

चाळीस मिनिटं झाली.
इदालिना दाराशी, मी खिडकीशी.
पुढची पेशंट, हॉटेलातली, घड्याळ बघू लागली.
शेवटी मी कोट घालूनच रस्त्यावर गेले.

कोपऱ्यावरच्या कॅफेत दिओलिंदा,
पुढ्यात कॉफी,
समोरच्या खुर्चीवर दोन्ही पाय ताणलेले,
वेटर वळसा घालून जात होता.

चालायला सांगितलं होतं ना?

"चालले," ती म्हणाली. "आता बसलेय."

बिल कुठल्या दराने लावायचं, इदालिनाने विचारलं.
मी म्हटलं, नंतर.